बुदैयाची काल्याख

आमच्या घरमालकिणीला 'इंग्लिश बाई' म्हणायची चूक माणूस आयुष्यात एकदाच करायचा. पाण्याच्या टँकरवाल्याने केली, तेव्हा त्या हातात नळी घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत धावल्या. मीटर बघायला आलेल्याने केली, त्याला अस्सल बहरिनी अरबीत असं काही सुनावलं की तो मीटर न बघताच गेला. माझ्या नवऱ्याने केली ती आम्ही घर बघायला गेलो त्याच दिवशी, आणि घर हातचं जाता जाता वाचलं.

"इंग्लिश?" त्या म्हणाल्या. "त्यांनी राज्य तर तुमच्यावरही केलं. मग तुलाही इंग्लिश म्हणू का?"

नवरा पुण्याचा, त्यात इंजिनिअर. त्याला अशा प्रश्नांची सवय नव्हती. मीच मध्ये पडले. "मग तुम्ही मूळच्या कुठल्या?"

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात हेब्रिडीज नावाची बेटं विखुरली आहेत, त्यातल्या एका बेटाचं नाव त्यांनी घेतलं. आम्ही दोघांनी ते कधी ऐकलंच नव्हतं आणि तसं मी सांगून टाकलं. त्यावर मात्र त्या खूश झाल्या. "चला, खोटं तरी बोलत नाही तुम्ही. बाकीचे 'हो हो, फार सुंदर जागा' म्हणतात." मग म्हणाल्या, "माझी भाषा गालिक. गेलिक नाही, गालिक. पाच वर्षांची होईपर्यंत मला दुसरी कुठली भाषा जगात आहे हेच माहीत नव्हतं."

घर द्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "माझ्या छपराखाली भांडायचं ते आपापल्या भाषेत. याआधी वर एक जोडपं राहायचं. दोघं एकाच गावची, आणि भांडायची इंग्रजीत. मी काढलं त्यांना."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण गंमत वगैरे नव्हती ती.

बहरीनमधल्या बुदैया गावात, हायवेच्या मागे जुन्या खजुराच्या बागांचे जे थोडे तुकडे उरलेत, त्यातल्या एकाला लागून त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही दोघं. नवरा पहाटे गाडी काढून अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात जायचा, मी हायवेवरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायला. त्या फार वर्षांपूर्वी नर्स म्हणून बहरीनला आल्या, इथल्या माणसाशी लग्न केलं, इथल्याच झाल्या. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा, दुबईत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर.

मी पहिले काही दिवस त्यांना मॅडम म्हणायचे. एकदा जिन्याखाली अडवून म्हणाल्या, "मॅडम काय? मी काय दुकान चालवते? काल्याख म्हण."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हातारी. पण साधी नाही. आमच्याकडची काल्याख थंडी घेऊन येते. हातात हातोडा. पाठीवरच्या टोपलीत दगडधोंडे घेऊन चालली होती, टोपलीचा बंद तुटला, दगड समुद्रात पडले, ती आमची बेटं. मुद्दाम कुणी केलेली नाहीत, सांडलेली आहेत. म्हणून तर आम्ही सगळे असे."

त्या दिवसापासून मी त्यांना काल्याख म्हणत आले. अख्ख्या बहरीनमध्ये त्यांना या नावाने हाक मारणारी मी एकटी. हा शब्द म्हणताना शेवटचा 'ख' घशातून खरवडून काढावा लागतो. मी मालवणकडची, घशातून बोलायची भीड नाही मला. नवऱ्याला ते कधी जमलं नाही. तो घाबरत घाबरत 'काल्याक' म्हणायचा आणि त्या कान झाकून घ्यायच्या.

त्या रागीट होत्या असं म्हटलं तर ते पावसाळ्याला ओलसर म्हटल्यासारखं होईल. राग हा त्यांचा दिनक्रम होता. सकाळी समुद्रावर राग. कारण त्या लग्न होऊन आल्या तेव्हा बागेच्या टोकाला समुद्र होता, आणि आता भराव टाकून टाकून तो इतका लांब ढकललाय की मध्ये व्हिलांच्या रांगा आणि त्यांच्या भिंती. "दारातल्या भिकाऱ्याला हाकलावं तसं हाकललं त्याला," त्या म्हणायच्या आणि भिंतीपाशी जाऊन गालिकमध्ये शिव्या घालायच्या. भिंतीपलीकडची मोलकरीण आधी घाबरायची, पुढे पुढे ती सलाम करून कपडे वाळत घालायला लागली.

आमच्या नव्या गाडीवरून झालेला राग मला अजून आठवतो. गाडी दारात आली तशा त्या बाहेर आल्या, एक शब्द न बोलता गाडी उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी मारली, आणि मग मला अर्धा तास समजावलं. नवी होडी असो, आजारी माणूस असो, विहीर असो, सूर्य जातो त्या दिशेने फिरायचं. याला जेशल म्हणतात. 'जेस' म्हणजे उजवा आणि 'जेस' म्हणजेच दक्षिण. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "आमच्यात याला प्रदक्षिणा म्हणतात. आणि संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवासुद्धा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता मिठी मारतील.

"मग अर्धा तास मला बोलू का दिलंस, मूर्ख मुली?" असं ओरडून आत निघून गेल्या. तासाभराने वर आल्या, हातात गरम बिस्किटं. ओटाच्या पिठाची, दगडासारखी. "तुमच्या आणि आमच्या माणसांनी कधीतरी एकत्र गुरं राखली असणार," म्हणाल्या. "आणि मग भांडून वेगळी झाली असणार."

त्या भांडणाच्या अटीचंही सांगायला हवं. माझी भाषा मालवणी, नवऱ्याची पुणेरी. त्याला माझं बोलणं सुधारायची खोड होती. 'माका' नाही, 'मला'. 'हंय' नाही, 'इथे'. लग्नानंतर दोनेक वर्षं मी हसण्यावारी नेलं. एका शुक्रवारी जेवताना त्याने पाहुण्यांच्या देखत माझं एक वाक्य दुरुस्त केलं आणि पाहुणे गेल्यावर माझं डोकं फिरलं.

"माका शिकव नको तू!" मी ओरडले. "माझी भाषा माझ्या तोंडात हा, तुझ्या व्याकरणाच्या पुस्तकात नाय! तुका ऐकूक लाज वाटता तर कान धरून बस!"

दार वाजलं. काल्याख उभ्या. आम्ही दोघं ओशाळलो. त्या मला म्हणाल्या, "छान चाललंय. भाषा कुठली?"

"माझी. आमच्या गावची."

"आणि हा काय म्हणतोय?"

"मी चुकीचं बोलते म्हणतो."

त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यांच्या बाबतीत ते जास्त भयंकर होतं. म्हणाल्या, "मी शाळेत पहिल्या दिवशी गेले. मला लघवीला जायचं होतं. बाईंना मी गालिकमध्ये विचारलं. बाई म्हणाल्या, नीट बोल. मी पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, नीट बोल. बाईंना गालिक येत होतं. त्या आमच्याच बेटावरच्या होत्या. मी सगळ्या वर्गासमोर उभ्याउभ्या ओली झाले. त्या दिवशी मी इंग्रजी शिकायला लागले." मग म्हणाल्या, "तू पुन्हा हिला नीट बोल म्हणालास, तर तुझं सामान मी स्वतः खाली आणून ठेवीन. फक्त तुझं."

नवऱ्याने पुन्हा मला कधी दुरुस्त केलं नाही. आधी भीतीने, नंतर खरोखरच.

मी एकदा न राहवून विचारलं होतं, "मुलाला का नाही शिकवलंत?" त्या रागावतील असं वाटलं, पण त्या दमल्यासारख्या खाली बसल्या. "सासू म्हणायची, घरात अरबी आहे, इंग्रजी आहे, तिसरं कशाला? नवरा काही म्हणायचा नाही. आणि बोलू कुणाशी? भाषा म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे, एकटीने चमच्याने पाजायला? पोराशी दोनतीन वर्षं बोलले. तो मला अरबीत उत्तर द्यायचा. मग फक्त राग आला की माझ्या तोंडून गालिक निघायचं. त्याने तेवढंच ऐकलं."

इथल्या गोऱ्या मंडळींच्या एका क्लबात दर हिवाळ्यात स्कॉटिश संध्याकाळ व्हायची. एका वर्षी त्यांना कुठून तरी कळलं की बुदैयात एक खरीखुरी बेटावरची म्हातारी राहते, आणि त्यांनी काल्याखना पाहुणी म्हणून बोलावलं. मी गाडी चालवायला म्हणून गेले. हॉलभर चौकड्यांचे घागरे घातलेले पुरुष, भिंतीवर शिंगं, बॅगपाइपची रेकॉर्ड. एका बाईने सील-बायकोची गोष्ट सांगितली, पार्श्वसंगीत लावून. समुद्रातली सील किनाऱ्यावर येऊन कातडं उतरवते आणि बाई होते. एक कोळी तिला बघतो, तिच्यावर त्याचं मन बसतं, तो कातडं लपवून ठेवतो. ती त्याच्याशी संसार करते, मुलं होतात. एक दिवस तिला कातडं सापडतं आणि ती समुद्रात निघून जाते. सांगणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले. "किती करुण प्रेमकथा," त्या म्हणाल्या.

"चोरी आहे ती!" आमची म्हातारी पहिल्या रांगेतून गरजली. "त्याने तिचं कातडं चोरलं. घरात चोर शिरला तर त्यालाही तुम्ही प्रेमकथा म्हणता का?"

लोक हसले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मग अध्यक्षांनी त्यांना विनंती केली, तुमच्या त्या गोड भाषेत दोन शब्द बोला. काल्याख उभ्या राहिल्या आणि बोलल्या. दोन शब्द कुठले, चांगली पाचदहा मिनिटं बोलल्या. आवाज लाटेसारखा वर जात होता, खाली येत होता. लोकांनी डोळे मिटले, कुणी छातीवर हात ठेवला. संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

टाळ्या थांबल्यावर त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आता अर्थ सांगते. मी म्हटलं, तुमच्यातल्या निम्म्यांच्या पणजोबांनी मेंढ्या चरायला जागा हवी म्हणून माझ्या पणजोबांना घर पेटवून हाकललं. मी म्हटलं, जेवण गार आहे. मी म्हटलं, अध्यक्षांनी घागरा उलटा घातलाय, चुण्या मागे असतात. आणि मी तीनदा विचारलं की इथे माझी भाषा कळणारा एक तरी माणूस आहे का, असेल तर हात वर करा, मला त्याला चहाला बोलवायचं आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

परतताना गाडीत मला हसू आवरेना. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या काचेबाहेर बघत होत्या. चेहरा असा की माझं हसू जागच्या जागी विरलं.

"एकानेही हात वर केला नाही," त्या म्हणाल्या.

आता जे सांगायचं आहे ते शांतपणे सांगणं मला जमत नाही. नवरा म्हणतो, झालं गेलं, सोडून दे. मी सोडलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी त्यांना मागच्या अंगणात पडलेलं पाहिलं. कपडे वाळत घालताना पडल्या होत्या. तोंड वाकडं झालं होतं, उजवी बाजू लुळी. अर्धांगाचा झटका. मी लॅबवाली, मला बघताच कळलं. अँब्युलन्स आली, एका खासगी हॉस्पिटलात नेलं. औषधं वेळेवर मिळाली, जीव वाचला. त्याबद्दल मी त्या लोकांना नावं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बोलायला लागल्या. इंग्रजी गेलं होतं, अरबीही गेलं होतं. तोंडातून नुसते आवाज येतात, असं डॉक्टर म्हणाले. तरुण होता, सभ्य होता, घाईत होता. "मेंदूचा बोलण्याचा भाग गेलाय. शब्द जुळत नाहीत. फक्त एक शब्द स्पष्ट येतो. खलास. सारखं खलास, खलास म्हणतात."

मुलगा दुबईहून आला होता. उंच, शांत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. तो मला म्हणाला, "आईला आता पुरे झालंय. ती स्वतःच सांगतेय. डॉक्टरांशी बोललोय मी. उगाच नळ्या घालून तिचे हाल करायचे नाहीत."

मी आत जाऊन बघितलं. त्यांचा डावा हात, एकच चालणारा हात, पलंगाच्या दांडीला मऊ पट्टीने बांधलेला होता.

"हे काय?"

"चादर फेकून देतात," केरळची सिस्टर म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत होतं. "सारखी चादर फेकतात, कपडे वर ओढतात. बरं दिसत नाही. मुलाने सही केलीय."

काल्याखनी मला बघितलं आणि त्या बोलायला लागल्या. वाकड्या तोंडाने, घोगऱ्या आवाजात, पण मोठ्याने. मी वाकून कान जवळ नेला. त्यात 'खास' होतं. 'खलास' नव्हतं, मध्ये 'ला' कुठेच नव्हता. 'हा मो खास', आणि पुढे 'ब्रिश्चे' असं काहीतरी. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मला अर्थ लागेना, पण तो घशातून खरवडलेला 'ख' मी दुसरीकडे कुठेच ऐकलेला नव्हता. आणि त्यांचे डोळे! जगायला कंटाळलेल्या माणसाचे डोळे मी दवाखान्यात रोज बघते. हे तसे नव्हते. भांडणाऱ्या बाईचे डोळे होते ते.

मी बाहेर आले. "त्या गालिक बोलताहेत."

डॉक्टरांनी मान हलवली. "असं वाटतं नातेवाइकांना. आपल्या माणसाच्या आवाजात अर्थ ऐकू येतो."

मी मुलाकडे वळले. "तुम्हाला तरी ओळखू येतं ना? लहानपणी ऐकलंय ना?"

तो मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, आई चिडली की असे आवाज काढायची. आजी आम्हाला सांगायची, लक्ष देऊ नका. ती भाषा वगैरे नाही हो. तो तिचा राग आहे."

मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मालवणीत बोलले. त्याला एक अक्षर कळलं नाही, आणि पहिल्यांदाच मला त्यात बरं वाटलं.

काल्याखचा एक चुलतभाऊ बेटावर राहत होता. म्हातारा, एकेकाळी मासेमारी करणारा. दर रविवारी त्यांचा फोन चालायचा, इतक्या मोठ्याने की वर आम्हाला टीव्ही बंद करावा लागे. त्याचा नंबर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला मी बघितला होता. मी गाडी काढली, बुदैयाला आले, भिंतीचा फोटो काढला आणि पुन्हा हॉस्पिटलात गेले. डॉक्टर राउंडवर होते, मुलगा पलंगापाशी उभा होता. कुणाला न विचारता मी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. म्हाताऱ्याला दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन काल्याखच्या उशीवर ठेवला.

त्याने गालिकमध्ये त्यांना हाक मारली. लहानपणचं काहीतरी नाव असावं.

काल्याख एकदम गप्प झाल्या. आणि मग त्या बोलल्या. अडखळत, लाळ गाळत, पण थांबून, पुढचं ऐकून, उत्तर देऊन. तिकडून तो काहीतरी विचारी, इकडून या सांगत. डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. भाषा कळत नसली तरी दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत हे लहान मुलालाही कळतं.

मग फोनमधून त्याचा आवाज इंग्रजीत आला. "तिथे कोण कोण आहे?"

"मी आहे. डॉक्टर आहेत. मुलगा आहे," मी म्हटलं.

"मग सगळ्यांनी ऐका. ती म्हणते, माझा पाय मोडलाय. उजवा पाय, वर, खुब्यापाशी. पडले तेव्हाच मोडला. ती म्हणते, मी आल्यापासून हेच सांगतेय. चादर काढून दाखवत होते, तर तुम्ही हात बांधलात." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तुमच्या त्या इस्पितळात कुणाला कान आहेत का?"

सिस्टर पुढे झाली आणि तिने हाताची पट्टी सोडली. हात सुटल्याबरोबर काल्याखनी चादर झटकून टाकली आणि मांडीवर बोट ठेवलं.

एक्स-रे काढला. खुब्यापाशी हाड मोडलेलं होतं. झटक्यामुळे उजवा पाय हलत नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि त्या ओरडत होत्या ती गडबड औषध देऊन थांबवली जात होती.

"या भाषेचा दुभाषी आमच्याकडे नाही," डॉक्टर नंतर मला म्हणाले. खरंच खजील झाले होते ते.

"शोधला होतात?" मी विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. पण 'वाईट नव्हता' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. त्या बाई आपल्या भाषेत, स्वच्छ व्याकरणात, 'हा मो खास ब्रिश्चे', माझा पाय मोडलाय, म्हणून सांगत होत्या, आणि चांगली चांगली माणसं त्यांना मरायची घाई झालीय असं समजून हळू आवाजात बोलत होती.

मुलगा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याजवळून गेले. तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं." मी थांबले नाही.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी त्या व्हीलचेअरवर घरी आल्या. इंग्रजी तुकड्यातुकड्याने परत आलं, आधी शिव्या, मग भाज्यांची नावं. अरबी फारसं आलंच नाही. मुलाने रजा वाढवली, मग दुबईची नोकरी सोडून इथेच काहीतरी बघितलं. रोज संध्याकाळी तो बेटावरच्या त्या म्हाताऱ्याला फोन लावून आईच्या मांडीवर ठेवायचा आणि समोर स्टुलावर बसायचा. तिकडून म्हातारा एक शब्द सांगायचा, मुलगा तो पुन्हा म्हणायचा, आणि काल्याख ओरडायच्या. चूक! पुन्हा चूक! वरच्या मजल्यावर आम्हाला सगळं ऐकू यायचं. पन्नाशीला आलेला माणूस 'पाणी' म्हणायला शिकत होता आणि त्याची आई त्याच्यावर पोट धरून हसत होती, नाहीतर चप्पल उगारत होती.

नवरा मला म्हणायचा, "बघ, शिकतोय बिचारा. आता तरी माफ कर." एकदा तो मुलगा स्वतः वर आला, द्राक्षं घेऊन. मी दार उघडलं. द्राक्षं घेतली नाहीत. "आईला द्या," म्हटलं.

थंडी सरता सरता काल्याखना छातीत कफ झाला. घरीच राहायचं असं त्यांनी इंग्रजीत, स्पष्ट सांगितलं, आणि या वेळी सगळ्यांनी ऐकलं. एका दुपारी मी दवाखान्यातून आले तर तो जिन्यात बसला होता. मला बघून उठला.

"गेली," तो म्हणाला. "आत्ताच." आणि लगेच, "तिने काहीतरी म्हटलं. माझा हात धरून म्हटलं. मोठं वाक्य होतं. तुम्हाला येतं ना थोडं? सांगा ना काय होतं ते."

त्याने आवाज काढून दाखवले. मला काहीच कळलं नाही. मी त्यांना काल्याख म्हणत होते, गाडीला फेरी कशी घालायची ते मला माहीत होतं. त्यापलीकडे मला तरी काय येत होतं?

"मला नाही येत," मी म्हटलं. इतकंच म्हणून थांबता आलं असतं. पण गेले कित्येक महिने पोटात होतं ते बाहेर पडलं. "ती तुमची आई होती. मी भाडेकरू. मला काय विचारता?"

तो आत गेला आणि त्याने फोन लावला. मीही मागोमाग गेले. पलंगावर त्या निजल्या होत्या, हनुवटी वर केलेली, भांडणातून उठून गेल्यासारखी. तो त्यांच्या पायाशी उभा राहून फोनवर ते वाक्य म्हणू लागला. पहिल्यांदा म्हटलं ते एक. दुसऱ्यांदा म्हटलं त्यात मधले दोन आवाज बदलले. तिसऱ्यांदा शेवट गेला. दर वेळी ते आणखी थोडं झिजत होतं, हे मलासुद्धा ऐकू येत होतं. त्यालाही येत असणार, कारण तो घाईघाईने म्हणायला लागला.

तिकडे म्हातारा रडत होता. पण ऐकत होता.

"कळत नाही रे," तो म्हणाला. "खिडकी लाव असेल. जवळ ये असेल. कळत नाही. पुन्हा म्हण."